पोवळ्यांचं पाणी

शहराच्या पाणी तपासणी कार्यालयातल्या मुख्य तपासनीसांच्या घरी दोन प्रकारचं पाणी होतं. एक नळाचं. ते माणसांसाठी. दुसरं फिल्टरच्या नळकांड्यांतून थेंब थेंब गळून एका मोठ्या निळ्या कॅनमध्ये साठायचं. ते पोवळ्यांसाठी. या दोन पाण्यांची चुकूनही अदलाबदल होऊ नये, हा त्या घराचा पहिला नियम होता आणि तो मोडणाऱ्याची रीतसर चौकशी व्हायची.

पोवळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे अंगठीतला लाल खडा आला असेल. तो बाजूला ठेवा. ही जिवंत पोवळी होती, समुद्रातली. आत दगडाचं हाड, हाडावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी कातडी, आणि त्या कातडीत टाचणीच्या टोकाएवढी हजारो तोंडं. कुणाच्या फांद्या हिरव्या, कुणाची टोकं जांभळी, कुणी निळसर ताटलीसारखं पसरलेलं. पोवळ्यांत या बारीक तोंडाच्या जाती सगळ्यांत नाजूक. पाण्यात क्षार जरा खालीवर झाले, उजेड जरा कमीजास्त झाला, की रंग उतरतो. आणि पाणीच घाण असलं तर बघता बघता कातडी सोलून निघते. एवढी हजारो तोंडं, पण तक्रार एकाही तोंडातून नाही. तपासनीसांना हा गुण फार भावायचा. कार्यालयात एकेकच तोंड असलेली माणसं येऊन काय कमी बडबडायची!

टाकी बैठकीच्या खोलीत होती. खरं तर बैठकीची खोली टाकीत होती म्हणा ना. सोफा होता तिथे आता टाकी होती, पुस्तकांचं कपाट होतं तिथे पंप आणि पाणी गार ठेवायचं यंत्र, आणि आईची खाट होती तिथे मिठाची पोती. आई बोळात झोपायची. उन्हाने शेवाळ धरतं म्हणून खिडकीला कायमचा जाड पडदा, आणि डास मारायच्या फवाऱ्याचा अंश पाण्यात उतरतो म्हणून डासांना अभय. घरात आलेल्या माणसाला निळ्या उजेडात सगळे चेहरे बुडालेल्या माणसांसारखे दिसायचे. बायकोने एकदा तसं म्हटलंही. तपासनीस म्हणाले, "उजेड आपल्यासाठी नाहीये."

सकाळी उठल्याबरोबर तपासनीस कोपरापर्यंत हात धुवायचे, साबण न लावता, कारण साबण पोवळ्यांना चालत नाही. मग बारीक काचनळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडायचे. रंग बदलला की नळी पांढऱ्या कागदापुढे धरून, एक डोळा मिटून, जिभेचं टोक दाताखाली धरून बघायचे. चुना किती, क्षार किती, खारटपणा किती. हवेत उडून गेलेलं पाणी निळ्या कॅनमधून भरून काढायचे. त्यांच्या हाताला त्या वेळी कंप नसायचा. इतक्या निष्ठेने काम करणारा सरकारी माणूस तुम्ही बघितला नसेल. फक्त हे काम सरकारी नव्हतं.

सरकारी काम साधं होतं. शहरातल्या निरनिराळ्या नळांचं पाणी दर महिन्याला बाटल्यांत भरायचं, बाटल्या सीलबंद करायच्या आणि राजधानीतल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेला पाठवायच्या. शहराचं पाणी सकाळी फिक्या चहासारखं यायचं आणि दुपारनंतर त्याला गंजक्या खिळ्याचा वास यायचा. जलवाहिनी आणि गटार एकमेकांना खेटून गेलेली, दोन्हींना भोकं पडलेली, शेजारधर्म व्हायचाच. एका महिन्यात तपासनीसांनी नवखेपणाच्या उत्साहात खरोखर नळावर जाऊन बाटल्या भरल्या आणि शहर नापास झालं. मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"पाणी खराब आहे," तपासनीस म्हणाले.

"ते मला कशाला सांगता? मी काय ते पितो?" मोठे साहेब टेबलाखालची बाहेरगावची सीलबंद बाटली काढून दोन घोट घेत म्हणाले. "मी निकालाबद्दल बोलतोय. पाणी सुधारायचं म्हणजे अख्खे रस्ते उकरावे लागतात. निकाल सुधारायला काय उकरावं लागतं?"

तपासनीस हुशार माणूस. त्यांनी काहीच उकरलं नाही. घरी गेले आणि निळ्या कॅनमधून बाटल्या भरल्या. प्रामाणिकपणाला अगदीच सोडचिठ्ठी नको म्हणून प्रत्येक बाटलीत नळाच्या पाण्याचा एकेक थेंब टाकला. निकाल आला. पाण्यात दोष म्हणून शोधायला गेलं तर काही म्हणता काही सापडत नव्हतं. जगाची रीत अशी आहे, की वाईट निकाल आला तर चार वेळा फेरतपासणी होते. चांगल्या निकालाला मात्र कुणी विचारत नाही, तू कुणाचा कोण. पुढच्या महिन्यात तपासनीसांनी तो एकेक थेंबही टाकायचं सोडून दिलं.

इथपर्यंत कुणाचं काय बिघडलं होतं? कुणाचंच नाही. बिघडलं ते फक्त आईचं पोट.

आई बोळातल्या खाटेवर पोट धरून पडून असायची. आधी जेवण जाईना, मग पाणीही पोटात ठरेना. बायको म्हणाली, "अहो, निदान मी त्यांच्यापुरतं पाणी उकळत जाते."

"उकळायचं? आपल्या घरी?" तपासनीस दचकले. "समोरच्या बिल्डिंगमध्ये मोठ्या साहेबांचे साडू राहतात. स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ बघितली आणि विचारलं, तपासनीसांच्या घरी पाणी का उकळतात, तर काय सांगू? माझ्या सहीवर माझाच विश्वास नाही असं?"

"मग त्या कॅनमधलं द्या पेलाभर."

"अगं, ते यंत्र थेंब थेंब गाळतं! टाकीलाच जेमतेम पुरतं. वर महिन्याच्या बाटल्या. त्यातून पेलाभर काढला आणि टाकीतलं पाणी कमी झालं, तर खारटपणा वाढेल, आणि त्यांना धक्का बसेल." त्यांना म्हणजे पोवळ्यांना. आईसाठी ते एकवचन वापरायचे, पोवळ्यांसाठी आदरार्थी बहुवचन.

बोळातून आईचा आवाज आला. "थेंब थेंब पडतं ना रे? मग मी थेंब थेंब पिईन. मला कुठे घाई आहे?"

तपासनीसांनी ऐकलं नाही. पंपाचा आवाज होता.

पण तहान नियम जाणत नाही. एका दुपारी तपासनीस घरी आले तर कॅनमधलं पाणी खुणेच्या दोन बोटं खाली गेलेलं. त्यांनी चपलाही न काढता चौकशी सुरू केली. कॅन कुणी उघडला, कोणत्या हेतूने, आणि उघडताना हात कोरडे होते का. बायकोने कानावर हात ठेवले. आई खाटेवर उठून बसली होती, आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी होती. पुराव्यासाठी तेवढं पुरे होतं.

"आई, तू पाणी चोरलंस?"

"घरातलं पाणी प्यायले. त्याला तुमच्यात चोरी म्हणतात का?"

"ते माणसांचं पाणी नाहीये!"

"ते मला कळलंच होतं," आई म्हणाली. "इतकं गोड लागलं, तेव्हाच म्हटलं, हे माणसांचं नसणार."

दुसऱ्या दिवशी कॅनच्या झाकणाला कुलूप बसलं. बायको म्हणाली, "लोक दागिन्यांना कुलूप लावतात हो, आपण पाण्याला." तपासनीसांनी किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली आणि आंघोळीलाही काढेनात.

तिकडे कार्यालयाची घोडदौड चालली होती. लागोपाठच्या निर्दोष निकालांमुळे शहर राज्यात पहिलं आलं. थेंबाच्या आकाराची काचेची ढाल मिळाली. शहराच्या वेशीवर मोठा फलक लागला: 'निर्मळ जलाच्या नगरीत आपले स्वागत आहे', आणि खाली मोठ्या साहेबांचा हसरा फोटो. शाळेतल्या मुलांनी पाण्यावर निबंध लिहिले. आणि मग शासनाच्या वित्त खात्यात बसलेल्या एका विचारी गृहस्थाला प्रश्न पडला, की ज्या शहराचं पाणी मुळातच इतकं शुद्ध आहे, तिथे जलशुद्धीकरण केंद्र कशाला चालवायचं? शुद्ध पाण्याला पुन्हा शुद्ध करणं म्हणजे आंघोळ झालेल्या माणसाला परत न्हाऊ घालणं. ही उधळपट्टी आहे. केंद्र बंद झालं. तिथल्या कर्मचाऱ्यांना अभिनंदनपत्रं वाटण्याच्या कामावर घेतलं.

आता पाणी दुपारीही फिक्या चहासारखं येऊ लागलं, आणि सकाळी चांगला कडक.

आईचे डोळे पिवळे झाले. तपासनीसांनी ते पाहिले नाहीत, कारण निळ्या उजेडात पिवळं हिरवट दिसतं आणि हिरवा रंग त्यांच्या दृष्टीने तब्येतीचा होता. बायकोनेच हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. तपासनीस मागोमाग गेले, कारण शेजारी बघत होते.

डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट दाबलं. "कावीळ. दूषित पाण्यातून झालीय, उघड आहे. राहता कुठे?"

"इथेच. शहरात."

"इथेच?" डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग ही कावीळ नाही."

"अहो, पण डोळे..."

"डोळे पिवळे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण या शहराचं पाणी निर्दोष आहे. पाण्यातून होणारा आजार इथे नोंदवला तर मला आधी सिद्ध करावं लागेल, की निकाल खोटा आहे. खाली सही आहे कुणा तपासनीसाची. सही बघा काय ठणठणीत आहे! असा माणूस चुकेल का?" डॉक्टरांनी कागदावर 'वार्धक्य' असं लिहिलं आणि खाली शक्तीच्या गोळ्या. मग दरवाजाकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "मावशींना कुठून तरी चांगलं पाणी मिळतं का बघा. दुसरं औषध नाही. मी स्वतः बाहेरगावाहून मागवतो. पण हे मी बोललो नाही."

आईने मुलाकडे बघितलं. मुलाने गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत ढकलली. पण माणूस कितीही झालं तरी माणूसच; घरी आल्यावर त्यांनी कुलूप उघडून आईला अर्धी वाटी पाणी दिलं. रोज अर्धी वाटी. तेवढ्यानेही म्हातारीला उभारी आली. वाटी देताना दर वेळी ते टाकीकडे बघून "माफ करा हं" म्हणायचे.

हे असंच चालू राहिलं असतं तर आई बरी झाली असती, पोवळीही जगली असती, आणि मला तोंड उघडायचं कारण उरलं नसतं. पण खोट्याचं एक आहे: ते एका जागी बसत नाही. मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं, की शहरात फिल्टर विकले जातायत. आधीपेक्षा जास्त. ज्या शहराचं पाणी पहिलं आलं, तिथले लोक घरात फिल्टर बसवतात म्हणजे काय? हा संशय झाला. संशयातून अफवा, अफवेतून असंतोष. आदेश निघाला: 'निर्मळ जलाच्या नगरीत खासगी फिल्टर बाळगणे हे शासकीय निकालावरील अविश्वासाचे कृत्य समजण्यात येईल.' सगळे फिल्टर सील होणार होते. आणि सुरुवात कुणाच्या घरापासून? आदर्श म्हणून ज्यांच्या सहीने हे वैभव आलं, त्यांच्याच.

दुपारची वेळ होती. मोठे साहेब, लाखेची कांडी घेतलेला सील अधिकारी आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला छायाचित्रकार असे तिघं दारात उभे.

"तपासनीस, तुमच्या घरी फिल्टर असणं शक्यच नाही म्हणा," मोठे साहेब हसत आत आले. "पण एक फोटो होऊन जाऊ दे. रिकाम्या भिंतीपुढे." मग त्यांना भिंत दिसली. भिंतीवर नळकांडी, नळ्या, मीटर, खाली निळा कॅन. "हे काय?"

"साहेब, हे... पोवळ्यांसाठी."

"का? आपलं पाणी त्यांना चालत नाही?"

चालत नाही म्हणावं तर सही खोटी. चालतं म्हणावं तर फिल्टर कशाला? आई बोळातून बघत होती. बायकोने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती हे निळ्या उजेडात समजेना.

"चालतं, साहेब. छान चालतं."

"मग लावा सील."

लाख वितळली, यंत्राच्या तोंडावर टपकली, शिक्का उमटला. छायाचित्रकाराने तपासनीसांना यंत्राशेजारी उभं करून "जरा हसा" म्हटलं. ते हसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो आला आणि खाली 'आधी केले, मग सांगितले'.

कॅनमध्ये होतं तेवढं पाणी उरलं. निम्माच कॅन.

तपासनीस त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले. हिशेब सरळ होता आणि म्हणूनच वाईट होता. महिन्याच्या बाटल्या भरायची वेळ आली होती. त्यात नळाचं पाणी गेलं तर शहर नापास, चौकशी, नोकरी पाण्यात. टाकीतलं पाणी रोज उडत होतं. भर घातली नाही तर पोवळी धोक्यात. आणि आईला डॉक्टरांनी दुसरं औषध नाही म्हणून सांगितलं होतं. पाणी एक, तोंडं तीन. त्यातलं एक तोंड सरकारचं, एक हजारो तोंडांचं आणि एक आईचं.

"बाटल्या या महिन्याला राहू देत ना," बायको म्हणाली. "आजारी आहे म्हणून रजा टाका."

"आणि माझ्या जागेवर दुसरा गेला, नळावर जाऊन खरोखर भरून आणल्या तर? नोकरी आहे तर घर आहे, घर आहे तर टाकी आहे, टाकी आहे तर..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना.

"तर आई आहे, असं म्हणायचं असतं," बायको म्हणाली.

त्यांनी बाटल्या भरल्या. काठोकाठ. सील केल्या, सही केली, कार्यालयाच्या गाडीने रवाना केल्या. उरलेलं पाणी त्यांनी टाकीत ओतलं, अगदी सावकाश, पोवळ्यांना धक्का बसू नये म्हणून. कॅन उपडा करून झटकला. मग वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, वाटी भरून आईसमोर धरली.

आईने वाटीत बघितलं. वाटीचा तळ दिसत नव्हता.

"घे आई. पाणी उत्तम आहे. माझी सही आहे त्याच्यावर."

"सही तुझी आहे रे," आई म्हणाली. "पोट माझं आहे."

तिने वाटी तशीच खाली ठेवली आणि सुनेला म्हणाली, "माझ्या लेकीला फोन लाव."

तपासनीसांची थोरली बहीण दुसऱ्याच दिवशी गाडी करून आली. पलीकडच्या गावात ती शिलाईची कामं घ्यायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती. आईचे डोळे बघितल्यावर ती भावाकडे वळली. "वा रे वा! शहराचा पहिला नंबर, आणि आईची ही गत?"

"ताई, तुमच्या गावाचं पाणी तर दर महिन्याला नापास होतं," तपासनीस दुखावून म्हणाले. "मी निकाल बघतो ना! आईला तिकडे नेणं धोक्याचं आहे."

"नापास होतं, म्हणून तर आम्ही उकळून पितो. आणि नापास होतं म्हणून सरकारने आमच्याकडे नवे पाइप टाकायला घेतलेत. तुमच्या शहराचं आता कुणी काही करणार नाही, बाबा. तुम्ही पास झालात." तिने आईला दंडाला धरून उठवलं. जाता जाता टाकीपाशी थांबली. "दिसतात मात्र छान. अगदी टवटवीत. आई अशी शेवटची कधी दिसली होती रे?"

आई दारात म्हणाली, "जेवत जा वेळेवर." बस्स, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुणाही भल्या माणसाला वाटलं असतं. तपासनीसांना वाटलं, बोळ मोकळा झाला. मिठाची पोती तिकडे हलवता येतील.

पण टाकी कुणाची सही बघत नाही. पाणी उडत राहिलं. एक बोट खाली गेलं, मग दुसरं. पंप फुरफुरायला लागला. बाहेरगावच्या बाटल्या आणाव्यात, तर तपासनीसांनी दुकानात शिरायची सोय नव्हती. त्यांचा फोटो आता दुकानांच्या दारावर होता. शेवटी एका भर दुपारी त्यांनी नळाचं पाणी बादलीत घेतलं. कापडाने दोनदा गाळलं. ज्या माणसाने अख्ख्या शहराला हे पाणी एका सहीत पाजलं, त्याने पहिला तांब्या तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, देवा, निकाल खरा असू दे.

निकाल खरा नव्हता. संध्याकाळपर्यंत जांभळी टोकं करडी पडली. सकाळी हिरव्या फांदीची कातडी चिंध्यांसारखी सुटून पंपाच्या प्रवाहात फिरत होती. हजारो तोंडं एकेक करून मिटली, आणि मिटतानाही त्यांनी तक्रार केली नाही. दगडाची पांढरी हाडं तेवढी उरली, लख्ख. तपासनीस काचेला कपाळ टेकवून हमसाहमशी रडले. बायको मागे उभी होती. आई घर सोडून लेकीकडे गेली त्या दिवशी या माणसाचा डोळा ओला झाला नव्हता, हे तिच्या लक्षात होतं. तिने बॅग भरली आणि नणंदेकडे सासूची सेवा करायला निघून गेली.

आणि त्याच आठवड्यात कार्यालयात एक खोकं आलं. तपासनीसांनी उघडलं, तर आत त्यांनीच पाठवलेल्या बाटल्या. सील जसंच्या तसं, पाणी जसंच्या तसं. सोबत प्रयोगशाळेचं निवेदन: सातत्यपूर्ण उत्कृष्ट निकालांमुळे आपल्या शहरास तपासणीतून कायमची सूट देण्यात येत आहे, नमुने न उघडता परत.

ते खुर्चीत बसले. एका बाटलीवर हात ठेवला. थंडगार होती. आईच्या किती वाट्या झाल्या असत्या यात, हे त्यांना पहिल्यांदाच सुचलं, आणि सुचलं ते नेमकं उशिरा. तेवढ्यात मोठे साहेब आत आले. "अरे वा, नमुने परत आले? छान. समारंभाला उपयोगी पडतील."

कायमची सूट मिळवणारं पहिलं शहर म्हणून समारंभ ठरला होता, आणि त्याआधी पाहुण्यांची तपासनीसांच्या घरी भेट. सागरातला नाजुकातला नाजूक जीवसुद्धा आपल्या नळाच्या पाण्यात सुखाने राहतो, हे दाखवायचं होतं. तपासनीस 'नको, नको' म्हणत होते, तो त्यांचा विनय समजण्यात आला.

पाहुणे टाकीपुढे उभे राहिले. आत पांढऱ्या हाडांचं रान होतं, एक जीव म्हणून हलत नव्हता.

मग प्रमुख पाहुण्या पुढे झुकल्या. "अगं बाई! किती शुभ्र!"

"शुभ्र ना?" मोठ्या साहेबांनी लगेच शब्द उचलला. "मी आधी बघितली होती ही. तेव्हा जांभळे, हिरवे, कसले कसले डाग होते यांच्यावर. आपल्या पाण्याने धुऊन निघाली. काय तपासनीस?"

सगळे तपासनीसांकडे बघू लागले. खरं सांगायची एवढी सोन्यासारखी संधी माणसाला वारंवार मिळत नाही. त्यांच्याकडे तोंड होतं, आणि एकच पुरेसं होतं.

"हो, साहेब," ते म्हणाले. "धुऊन निघाली."

समारंभात मंचावर खुर्च्या, पुढे गर्दी, मध्ये टेबलावर त्या सीलबंद बाटल्या. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सील फोडलं, "हे बघा आपल्या शहराचं पाणी!" म्हणून आरशासारखा स्वच्छ पेला वर धरला आणि घटाघटा प्यायले. प्रमुख पाहुण्या प्यायल्या. वित्त खात्यातले ते विचारी गृहस्थ प्यायले आणि म्हणाले, "गोड आहे हो!" आईचं पाणी एकेका घशाखाली उतरत होतं आणि तपासनीस बघत होते. त्यांच्या वाट्याला येईतो बाटल्या संपल्या. शिपायाने लगबगीने मंचामागच्या नळावरून पेला भरून आणून त्यांच्या हातात दिला. कॅमेरे वळले. तपासनीसांनी पेल्यात बघितलं. पेल्याचा तळ दिसत नव्हता. त्यांनी डोळे मिटून तो रिकामा केला.

त्यांचे डोळे आता पिवळे आहेत. डॉक्टरांनी 'अतिश्रम' असं लिहून दिलंय. उकळलेल्या पाण्यावर आई खडखडीत बरी झाली आणि परवा तिचा फोन आला होता. "कसा आहेस रे? पाणी कसं येतं?"

"समाधानकारक आहे, आई," ते म्हणाले.

पांढऱ्या हाडांची एकेक फांदी काचपेटीत घालून आता सगळ्या सरकारी कचेऱ्यांत ठेवली आहे, निर्मळतेचं चिन्ह म्हणून. तुम्हीही बघितली असेल. रांगेत उभं असताना वेळ जावा म्हणून तिचा फोटोही काढला असेल.

आणि तपासनीसांना हसू नका. त्या समारंभाचं चित्रण मी पुन्हा नीट बघितलंय. मंचावरची माणसं पाणी पितात तेव्हा समोरची गर्दी टाळ्या वाजवते, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खुर्चीखाली बाहेरगावच्या पाण्याची एकेक बाटली आहे. कुणीही उठून विचारत नाही, की मग ही आम्ही कशाला आणली. तिसऱ्या रांगेत, डावीकडून जरा आत, बाटली पायाने मागे सारून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवणारा तो चेहरा ओळखीचा वाटला. नाही, मागे वळून बघू नका. मागे कुणी नाही.